‘पहिला जीव कुठनं आला?’ ही बैठक तालमीत कशी घ्यावी

तालमीच्या हॉलात, शाळेत किंवा स्वतःच्या सोप्यात ‘पहिला जीव कुठून आला’ या विषयावर बैठक घ्यायची असेल तर फळ्यावर ‘विज्ञान विरुद्ध श्रद्धा’ असं लिहू नका. तसं लिहिलं की माणसं घरातनंच बाजू ठरवून येतात आणि बैठकीची कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमवरची फुटबॉलची फायनल होते. दोन पेठा, दोन झेंडे, आणि चेंडू कुठं आहे याची कुणाला फिकीर नाही.

मी एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. काचेची भांडी धुणं, द्रावणं तयार करणं आणि फुटलेल्या फ्लास्कांचा हिशेब लिहिणं यात नोकरी गेली. आता पेठेतली पोरं आणि त्यांचे आईबाप गोळा करून अशा बैठका घेतो. पोरं आबा म्हणतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘आबा, तुम्ही देव मानता का?’ मानतो. शुक्रवारी अंबाबाईला जातो. हे सुरुवातीलाच सांगून टाकावं. तुम्ही मानत नसाल तर तेही सांगावं. लपवलं की पुढचं सगळं बोलणं लोक संशयानं ऐकतात.

बैठकीला हत्यार एकच लागतं. कुणी काहीही सांगो, मग तो प्राध्यापक असो, महाराज असो की मोबाईलवरचा व्हिडिओ, त्याला शांतपणे विचारायचं : ‘हे खोटं असतं तर काय वेगळं दिसलं असतं?’ पण हा प्रश्न तोंडानं शिकवून येत नाही. आधी हातानं करावा लागतो. म्हणून तयारी दीड महिना आधी सुरू होते.

तांदूळ

तांदळापासून सुरू करा, कारण घराघरात कुणीतरी म्हणत असतंच, ‘डबा घट्ट होता की, तरी आपोआप किडं झालं.’ शेतकऱ्याकडून थेट आलेला, औषध न लावलेला तांदूळ घ्या. आजऱ्याचा घनसाळ वापरलात तर घरात बोलणी खायची तयारी ठेवा. साधा कुठलाही चालतो. मात्र ज्या पोत्यात एखाददुसरा सोंडकिडा दिसलाय त्यातलाच हवा. दिसणारे किडे चाळून काढा आणि पाव-पाव किलोचे दोन भाग करा. एक भाग पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे बर्फाच्या कप्प्यात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. गार दाण्यांवर दमट हवेतलं पाणी बसतं आणि किड्यांऐवजी बुरशीचा प्रयोग होऊन बसतो. नंतर दोन्ही भाग सारख्या काचेच्या बरण्यांत भरा. बरणी अर्धीच भरा, झाकण घट्ट लावा, चिठ्ठी चिकटवा आणि विसरून जा.

सोंडकिड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि स्वतःच्या स्रावानं भोक बुजवते. अळी दाण्यातच वाढते, कोषही आतच होतो, बाहेर येतो तो थेट मोठा किडा. उबदार हवेत याला साधारण महिना लागतो. फ्रीजरमध्ये अंडी मरतात. त्यामुळं एका बरणीत किडे दिसतात, दुसरीत नाहीत. झाकण दोन्हीला तेवढंच घट्ट होतं, तांदूळ एकाच पोत्यातला होता.

पोरं बरण्या बघून हसायला लागतात, ‘आज्जी कायबी सांगत होती.’ तिथं त्यांना थांबवा. आज्जीला जे दिसलं तेच ती सांगत होती. मिरगाचा पहिला पाऊस पडला की शेतात मखमली तांबडे किडे फिरायला लागतात. आदल्या दिवशी एकही नसतो. ते मातीत दडून बसलेले असतात हे कळायला माती उकरावी लागते. आपल्या परंपरेत जीवांच्या चार खाणी सांगितल्यात : जारज, अंडज, उद्भिज आणि स्वेदज. ऐतरेय उपनिषदात या चारही येतात. स्वेदज म्हणजे घामातून, उबेतून होणारे. उवा-ढेकणांची गणती त्यांत झाली. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात जन्माचे तीन प्रकार आहेत. त्यांतला संमूर्च्छन म्हणजे आईबापांवाचून, आजूबाजूच्या द्रव्यातून होणारा. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलही हेच म्हणत होता. इतक्या लांबलांबच्या हुशार माणसांना एकच गोष्ट दिसली, कारण नुसत्या डोळ्यांना ती तशीच दिसते.

मांसाहारी घरातली पोरं असतील तर इटलीच्या फ्रान्चेस्को रेदीचा १६६८ सालचा प्रयोगही गच्चीवर होतो. मटणाचे तुकडे तीन बरण्यांत घालायचे. एक उघडी, एक पातळ कापडानं बांधलेली, एक झाकण लावलेली. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत उघड्या बरणीत अळ्या दिसतात, आणि माशा कापडावरच अंडी घालून जातात. वास फार येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. बैठकीत जैन किंवा लिंगायत घरातलं एक जरी पोर असेल तर मटणाची बरणी काढू नका, तांदळानं तेच काम होतं. रेदीबद्दल मला एक गोष्ट फार आवडते. मांसातल्या अळ्यांचा गैरसमज त्यानं मोडला, पण झाडाच्या पानांवर गाठी येतात त्यांतले किडे मात्र झाडच उपजवतं असं तो मानत राहिला. एका बरणीनं एकच प्रश्न सुटतो.

रस्सा

आपल्याकडं ज्याचा पांढरा रस्सा होतो त्या मटणाच्या पाण्यावर युरोपात शंभर वर्षं भांडण चाललं. जॉन नीडम या इंग्रज पाद्र्यानं मटणाचा रस्सा उकळून बाटलीत बुचानं बंद केला. काही दिवसांनी त्यात सूक्ष्मजीव दिसले. १७४८ साली त्यानं जाहीर केलं की निर्जीव पदार्थात जीव उपजवणारी शक्ती आहे. लाझारो स्पालान्झानी या इटालियन पाद्र्यानं जास्त वेळ उकळून काचेचं तोंडच वितळवून बंद केलं, तर काही उपजलं नाही. नीडम म्हणाला, तू इतकं उकळलंस की ती शक्तीच मेली. हे पोरांना जरूर सांगा. दोघेही देव मानणारे, दोघेही धर्मगुरू, आणि भांडण मात्र बाटलीच्या बुचावर. ‘धर्म एकीकडं, विज्ञान दुसरीकडं’ हे चित्र तिथंच मोडतं.

लुई पाश्चरनं १८६० च्या सुमारास ते भांडण मिटवलं ते हंसासारख्या मानेच्या फ्लास्कनं. हवा आत जाऊ दे, धूळ आणि तिच्यावर बसलेले सूक्ष्मजीव जाऊ नयेत, एवढीच युक्ती. घरी करायला १०० मिलीचे चार कोनिकल फ्लास्क, एका भोकाची रबरी बुचं आणि सोडा काचेची बारीक नळी लागते. बोरोसिलची नळी आणू नका, ती स्पिरिटच्या दिव्यावर वाकत नाही. नळी आधी वर, मग खाली, मग पुन्हा थोडी वर अशी वाकवा. टोक उघडंच राहू दे. बुचात घालताना नळीला पाणी लावा आणि हाताला जाड फडकं गुंडाळा. नळी मोडून तळव्यात घुसते, हे मी बऱ्याच पोरांच्या तळव्यांत बघितलंय. वाकवणं आणि बसवणं मोठ्यांनीच करावं.

रस्सा म्हणजे मटण किंवा मूग उकळलेलं पाणी. चरबी काढलेलं, कापडानं दोनदा गाळलेलं, मीठ-तिखट काही नाही. प्रत्येकात चाळीसेक मिली घाला. दोन फ्लास्कना वाकडी नळी, एकाचं तोंड उघडं. हे तिन्ही दहा लिटरच्या कुकरात जाळीवर ठेवा, खाली दोन बोटं पाणी. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून अर्धा तास. कुकरात १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, नुसत्या उकळीला शंभराच्या वर जात नाही. फरक तिथंच आहे. गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलायची नाही. वाफ एकदम सोडली की फ्लास्कमधला रस्सा उकळून नळीतनं बाहेर येतो. रात्रभर तसाच गार होऊ द्या. सकाळी बूच सैल झालेलं दिसलं तर तो फ्लास्क बाद.

चौथा फ्लास्क मुद्दाम वेगळा करा. त्यात वाळलेल्या गवताच्या दोन काड्या टाका, वाकडी नळी लावा आणि कुकरात न घालता गॅसवर पाच-दहा मिनिटं नुसता उकळा. चारही ओळीनं खिडकीत मांडा, थेट ऊन नको. दोन-चार दिवसांत उघडा फ्लास्क गढूळ होतो, म्हणजे त्यात सूक्ष्मजीव वाढले. वाकड्या नळीचे दोघं नितळ राहतात. गवताचा चौथा मात्र हंसाची मान असूनही बहुतेक वेळा गढूळतो!

या चौथ्या फ्लास्ककडं मी इतरांपेक्षा जास्त वेळ देतो. पोरं म्हणतात, ‘आबा, म्हणजे यात आपोआप झालं की.’ पाश्चरचा विरोधक फेलिक्स पूशे यालाही असंच दिसलं होतं, आणि तो गवताचंच पाणी वापरत होता. पाश्चर यीस्टचं पाणी वापरायचा. पूशे खोटारडा नव्हता. काही जिवाणू टणक बीजाणू करून, म्हणजे कवचात झोपी जाऊन बसतात आणि उकळीला दाद देत नाहीत, हे फर्डिनांड कोन यानं १८७६ मध्ये गवतावरच्या जिवाणूत दाखवलं. तोपर्यंत दोघांच्याही पुढ्यात खरेखुरे फ्लास्क होते आणि दोघांचे निकाल उलटे होते. पोरांना विचारा, हा चौथा फ्लास्क ‘आपोआप’चा आहे की ‘आधीच होतं’चा, ते कसं ठरवाल? थोडं थांबा. कुणीतरी म्हणतंच, ‘गवत घालून कुकरात लावूया.’ ज्या पोरानं ते म्हटलं त्याला पुढच्या वेळी बैठक चालवायला द्या.

नितळ राहिलेल्या दोघांपैकी एक सगळ्यांसमोर तिरका करा, रस्सा नळीच्या वाकणापर्यंत नेऊन परत आणा. दोन-तीन दिवसांत तोही गढूळतो. धूळ त्या वाकणात बसलेली होती. चव घेणं, नाक लावणं असले उद्योग करू द्यायचे नाहीत.

रंकाळ्यावर सुतळी

काळाचा अंदाज आल्याशिवाय या विषयावर बोलणं फुकट आहे. रविवारी सकाळी रंकाळा तलावाच्या काठावर ४५४ फूट सुतळी पसरा, एक फूट म्हणजे एक कोटी वर्षं. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. टोकावर एक पोरगं उभं करा, ते पृथ्वीचा जन्म. आपल्या, म्हणजे आजच्या टोकापासून ३४८ फुटांवर दुसरं पोरगं. ऑस्ट्रेलियात पिलबरा भागात सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून केलेले दगड सापडलेत, ते एवढे जुने आहेत. त्याहून जुन्या खुणांचेही दावे आहेत, पण त्यांवर शास्त्रज्ञांतच वाद आहे, म्हणून तिथं पोरगं उभं करू नका. आपल्या पायाखालचा काळा दगड, पन्हाळा, जोतिबाचा डोंगर, हा सगळा लाव्हा फक्त साडेसहा फुटांवर येतो. माणूस ही जात तीन लाख वर्षांची, म्हणजे नऊ मिलीमीटर. लिहिलेला इतिहास पाच हजार वर्षांचा धरला तर ०.१५ मिलीमीटर, सुतळीच्या एका तंतूएवढा.

सुतळी गुंडाळताना एकजण हमखास म्हणतो, ‘आपल्या पुराणात ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आहे. बघा, त्यांना माहीत होतं!’ हसू नका आणि टाळ्याही वाजवू नका. त्याच पुराणाचा हिशेब पुढं करायला लावा. पूजेच्या संकल्पात भटजी ‘श्वेतवाराहकल्पे, वैवस्वत मन्वंतरे’ म्हणतात ना? म्हणजे चालू दिवसातली सहा मन्वंतरं होऊन गेली, सातवं चाललंय. त्या गणितानं चालू दिवसाची १९७ कोटींच्या आसपास वर्षं झालीत. ४३२ हा पूर्ण दिवस आहे, तो अजून संपायचाय. एक आकडा जवळ आला म्हणून घ्यायचा आणि त्याचाच सख्खा भाऊ जमत नाही म्हणून सोडायचा, हे पुराणालाही धरून नाही. पृथ्वीच्या वयाचा ४५५ कोटींचा, म्हणजे आजच्या ४५४ च्या अगदी जवळचा आकडा क्लेअर पॅटरसननं १९५६ मध्ये उल्कापाषाणातल्या शिशाच्या प्रकारांवरून काढला. तो खोटा असता तर नंतर तपासलेल्या इतर उल्कापाषाणांनी वेगळंच काही सांगितलं असतं. तरीही एक गोष्ट मान्य करायची : कोट्यवधी वर्षांच्या भाषेत विचार करायची ज्यांची छाती होती त्यांची कल्पना मोठीच होती.

प्रत्यक्ष बैठक

आधी श्रद्धेला बोलू द्या. हा क्रम बदलू नका. विज्ञान आधी बोललं की आज्ज्या गप्प बसतात आणि घरी जाऊन बोलतात. प्रत्येकाला पाच मिनिटं, मध्ये कुणी तोडायचं नाही. माझ्याकडं एक वारकरी काका येतात, एक जैन मामा, गल्लीतल्या मशिदीत जाणारे एक चाचा. पोरांना वाटत असतं की सगळे धर्म ‘देवानं केलं’ एवढंच म्हणतात. मग जैन मामा सांगतात, ‘आमच्यात जग कुणी केलेलंच नाही. ते अनादि आहे, जीवही अनादि आहेत.’ पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. चाचा कुराणातलं सांगतात की प्रत्येक सजीव पाण्यापासून केला. काका नासदीय सूक्त म्हणतात, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं, सात ऋचांचं. शेवटच्या ऋचेत म्हटलंय की ही सृष्टी कुठून झाली हे परम आकाशातून तिच्यावर देखरेख करणाऱ्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. जमलं तर हे सूक्त बैठकीत एकदा मोठ्यानं म्हणून घ्याच.

नंतर विज्ञानाची बाजू मांडा, आणि ती फुगवू नका. अलेक्झांडर ओपारिन यांनी १९२४ मध्ये आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ मध्ये वेगवेगळं सुचवलं की सुरुवातीच्या पृथ्वीवर प्राणवायू नव्हता, साध्या रसायनांतून समुद्रात सेंद्रिय रेणू साचले आणि त्यांतून जीव घडला असावा. हे हाल्डेन पुढं १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. १९५३ मध्ये शिकागोत स्टॅनली मिलर या विशीतल्या विद्यार्थ्यानं मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांत विजेच्या ठिणग्या सोडल्या. आठवड्यात अमिनो आम्लं मिळाली, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते रेणू. यावर उत्साही पोरगं उठून म्हणतं, ‘म्हणजे लॅबमध्ये जीव बनवला!’ नाही. अमिनो आम्ल म्हणजे जीव नव्हे. शिवाय त्या वेळची हवा मिलरनं धरली तशी नसावी, असं आता बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत आहे. मात्र अमिनो आम्लं सहज होतात हे नंतर बाहेरूनच पक्कं झालं. ऑस्ट्रेलियात १९६९ मध्ये मर्चिसनला पडलेल्या उल्कापाषाणात ती निघाली, आणि बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत आपल्या प्रथिनांतल्या २० पैकी १४ निघाली.

अवघड जागा पुढची आहे, तीही सांगा. प्रथिनं कशी करायची याची माहिती डीएनएत, आणि डीएनएची नक्कल करायला प्रथिनं लागतात. मग आधी कोण? थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की आरएनए हा डीएनएचा भाऊबंद रेणू माहितीही धरतो आणि स्वतः रासायनिक कामही करतो. त्यासाठी १९८९ चं नोबेल मिळालं. त्यामुळं आधी आरएनए असावा ही कल्पना जोरात आली. पण निव्वळ रसायनांपासून स्वतःची नक्कल करत राहणारा, बदलत जाणारा जीव प्रयोगशाळेत अजून कुणी सुरू केलेला नाही. हे वाक्य स्पष्ट उच्चारा आणि लगेच दुसऱ्या कुणाला बोलू द्या.

कोल्हापुरात बैठक असेल तर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं नाव निघायलाच हवं. ते जन्मले इथं, १९३८ मध्ये. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांचं म्हणणं होतं की जीव अवकाशातून आले. नारळीकरांनी त्यावर नुसती व्याख्यानं दिली नाहीत. इस्रोच्या मदतीनं हैदराबादहून बलून सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत पकडून आणवली. २००५ च्या उड्डाणातून जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला हॉइल यांचं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं नाव दिलं. आणि निष्कर्ष काय काढला? हे जीव अवकाशातले आहेत असं यातून ठामपणे सिद्ध होत नाही. स्वतःच्या लाडक्या कल्पनेबद्दल असं लिहिणारा माणूस पोरांना दाखवायला दुसरा कुठं शोधणार? बाकी, जीव बाहेरून आला असं धरलं तरी तिथं तो कसा झाला हा प्रश्न उरतोच, हे एखादी सातवीतली पोरगी आपणहून विचारते.

आता भांडणाच्या जागा. श्रद्धेच्या बाजूनं हमखास येतं, ‘पाश्चरनंच सिद्ध केलं की जीवापासूनच जीव होतो, म्हणजे पहिला देवानं केला.’ खिडकीतले फ्लास्क दाखवा. आजच्या रश्शात, आजच्या हवेत, काही आठवड्यांत जीव उपजत नाही, एवढंच ते सांगतात. प्राणवायू नसलेल्या पृथ्वीवर कोट्यवधी वर्षांत काय झालं ते त्या फ्लास्कना विचारता येत नाही. डार्विननं १८७१ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात हेच म्हटलं होतं : एखाद्या उबदार डबक्यात आज असं प्रथिन तयार झालंच तर ते लगेच कुणीतरी खाऊन टाकेल, जीव नसताना तसं झालं नसतं. त्याच डार्विननं उत्क्रांतीवरच्या आपल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाच्या १८६० च्या आवृत्तीत शेवटच्या वाक्यात ‘निर्मात्यानं’ हा शब्द घातला आणि पुढं मित्राला खाजगीत लिहिलं की लोकमतापुढं वाकून असली भाषा वापरल्याचा मला पश्चात्ताप होतो. दोन्ही बाजूंना हा डार्विन अडचणीचा, म्हणून मला तो सांगायला आवडतो.

विज्ञानाच्या बाजूनं येतं, ‘शास्त्रज्ञांना कळलंय, देवाबिवाची गरज नाही.’ त्याला विचारा, कुठला टप्पा कळलाय, तो सांग. बहुतेक वेळा तो मिलरपाशी अडकतो.

माझं स्वतःचं मत विचारतात तेव्हा सांगतो की रसायनशास्त्रात जिथं उत्तर नाही तिथं मी देवाला बसवत नाही. १८२८ मध्ये वोलर या रसायनशास्त्रज्ञानं लघवीत सापडणारा युरिया प्रयोगशाळेत केला तोपर्यंत लोक सेंद्रिय पदार्थांत जीवनशक्ती बसवत होते. मग तिला एकेका खुर्चीवरून उठावं लागलं. माझ्या अंबाबाईला मी असं उठबस करायला लावणार नाही. किरणोत्सवात मावळतीचं ऊन देवीच्या पायावर येतं. त्या वेळी हात जोडणारे असतात आणि ऊन कुठपर्यंत पोचलं, ढग-धुरकटपणा किती, वाटेत कुठली इमारत आडवी येते हे मोजणारे प्राध्यापकही असतात. मोजणाऱ्यांपैकी कितीतरी जण मोजून झाल्यावर हात जोडतात. कुणी कुणाला ‘तू खोटा’ म्हणत नाही.

‘अलौकिक’ दावा मात्र वेगळा धरा. देवानं जगाला अर्थ दिला, हे म्हणणं कुठल्याही फ्लास्कमध्ये बसत नाही, आणि बसत नाही म्हणून ते खोटंही ठरत नाही. पण अमक्या बाबानं मंत्रानं मेलेली कोंबडी उठवली, तमक्या विभूतीतून जीव उपजतो, असं कुणी म्हटलं की तो माणूस आपल्या पायांनी बरणीत आला. त्याला तांदळाचाच नियम लावायचा : दोन बरण्या, एकीत मंत्र, दुसरीत नाही, आणि कुठलीत काय आहे हे बघणाऱ्याला माहीत नको. हे विचारताना आवाज चढवू नका, व्यक्तीचं नाव घेऊन टवाळी करू नका. या गावात २०१५ च्या फेब्रुवारीत गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. प्रश्न विचारायची किंमत इथं लोकांना ठाऊक आहे. म्हणूनच प्रश्न विचारणं बंद करायचं नाही, आणि विचारताना समोरच्या म्हातारीचा अपमान होणार नाही हेही बघायचं.

दोन तासांच्या वर ताणू नका. चहा मध्ये द्या, शेवटी नको. शेवटी दिला की भांडलेले लोक न पिता जातात. मतदान घेऊ नका. दहावीच्या पोरांना सांगा की आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा धडा परीक्षेत आहे तसाच लिहा, इथलं भांडण उत्तरपत्रिकेत नको.

बैठक झाली की गढूळ झालेले फ्लास्क तसेच मोरीत ओतू नका. पुन्हा कुकरात अर्धा तास लावा आणि मग ओता. किडलेला तांदूळ कोंबड्यांना चालतो. फ्लास्क धुताना साबण अजिबात राहू देऊ नका, सहा-सात वेळा पाण्यानं खंगाळा. साबणाचा अंश राहिला तर पुढच्या वेळी उघडा फ्लास्कही नितळ राहील, आणि तो का राहिला हे शोधण्यात तुमचा आठवडा जाईल.